नाव घातलेली भांडी मोडीत कशी घालायची?

मी समुपदेशक. दिवाळी महिन्यावर आली की माझ्याकडे एक तक्रार हमखास येते : "घर आवरायला काढलंय, पण हातून काही सुटत नाही." कधी सून सासूबद्दल सांगते, कधी मुलगा आईबद्दल. जुनी घरं विकून लोक फ्लॅटमध्ये जायला लागल्यापासून तर ही तक्रार बारमाहीच झाली आहे. गंमत अशी, की इंदूरकरांना कचरा वेगळा करायला शिकवावं लागत नाही. गाडीला सहा कप्पे. ओलं कुठे, सुकं कुठे, जुने सेल कुठे, हे पोरांनाही पाठ. 2017 साली स्वच्छतेत पहिला नंबर आला, तो उगाच नाही. पण जे कचरा नाही आणि लागतही नाही, त्याला त्या गाडीत कप्पा नाही. माणसं अडतात ती तिथे.

कुमुदताई म्हणू या त्यांना. वय चौसष्ट. रामबागेतलं घर सोडून बिचोली मर्दानाकडे दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये जायचं होतं. मुलगा पुण्याहून रोज फोन करायचा, "आई, वर्षभरात जे वापरलं नाही ते काढून टाक." हा नियम हल्ली सगळेच सांगतात. ताईंनी तो इमानेइतबारे लावला. कपडे गेले, गाद्या गेल्या, पाटा-वरवंटासुद्धा गेला. गाडी अडली ती माळ्यावरच्या दोन पत्र्याच्या पेट्यांपाशी. आत लग्नात आलेली भांडी.

"पैशाचा मोह नाही हो मॅडम. मोडीत घालायची म्हणून बर्तन बाजारात चौकशीसुद्धा केली. पण पेटी उघडली की धडधडायला लागतं."

"उघडल्यावर काय दिसतं?"

"नावं."

पुढच्या वेळी चार भांडी घेऊन या, म्हटलं. कापडी पिशवीतून आली : एक पितळी तांब्या, दोन ताटं, एक फुलपात्र. तांब्याच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं, 'चि. सौ. कां. कुमुद हिस सप्रेम भेट', त्याखाली देवासच्या मामांचं नाव आणि 1981. 'प्रेम'मधल्या मात्रेपाशी कोरणाऱ्याचा हात घसरलेला. तांब्या मात्र लखलखीत. एकदाही वापरला नव्हता, पण दर दिवाळीला चिंचेनं घासून परत पेटीत.

आपल्या ताब्यातली वस्तू सोडणं सगळ्यांनाच जड जातं. कानेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी 1990 मध्ये कॉफीच्या मगांचा एक प्रयोग छापला. ज्यांना मग फुकट मिळाला होता, त्यांनी तो विकायला मागितलेली किंमत ही, ज्यांच्याकडे मग नव्हता ते जेवढी द्यायला तयार होते, तिच्या दुपटीहून जास्त होती. तोही जरा वेळापूर्वी हातात आलेला मग! त्यावर मामाचं नाव नव्हतं.

मी विवेकनिष्ठ पद्धतीनं काम करते. माझा भर भावनेच्या मागे कोणतं वाक्य दडलंय, यावर असतो. म्हणून विचारलं, "तांब्या मोडीत गेला तर नेमकं काय होईल?"

"मामा गेले. कोणाला कळणारही नाही. पण कृतघ्नपणा होईल तो."

सापडलं वाक्य. आता या वाक्याशी वाद घालता आला असता. पण वाद घालून पटलेलं माणूस घरी जाऊन पुन्हा पेटी बंद करतं, हे मी पुष्कळ पाहिलंय. मी वेगळंच विचारलं.

"मामांच्या घरी पुढे लग्नं झाली ना? तुम्ही काय दिलंत?"

"झाली तर! थोरलीला माहेश्वरी नेसवली. धाकट्याच्या लग्नात चांदीचा करंडा. तेव्हा ह्यांची बदली झाली होती, ओढाताण होती, तरी दिला."

"आणि हे ताट?"

"वकीलकाकूंचं. त्यांच्या नातवाच्या मुंजीत…" त्या सांगत गेल्या. कोणाला काय, कधी, कोणत्या दुकानातून, सगळं तोंडपाठ. मग मध्येच थांबल्या. तांब्या हातात घेऊन म्हणाल्या, "म्हणजे हे सगळं फिटलंय की हो!"

आपल्याकडे आहेर म्हणजे नुसती भेट नसते. तो परत करायचा असतो आणि आपण करतोही. पण भांडं घरात राहिलं की मनात खातं उघडंच राहतं. कुमुदताई चाळीस वर्षं स्वतःला ऋणको समजत होत्या, आणि फेड कधीच झाली होती. तेव्हापासून नाव घातलेल्या वस्तूंसाठी मी हाच प्रश्न वापरते. तो क्वचितच वाया जातो, असं मी थोड्या अभिमानानं सांगू शकते.

फुलपात्रावर फक्त 'कमलाबाई' होतं. आडनाव नाही, गाव नाही. ताईंच्या माहेरी भांडी घासायला यायच्या त्या. त्यांच्या घरच्या कोणत्याच कार्याला ताईंना जाता आलं नाही. "हिचं राहिलं," म्हणाल्या आणि रडल्या. फुलपात्र ठेवायचं ठरलं, तेही पेटीत नाही, रोजच्या पाण्याला.

तेव्हा, वर्षाचा नियम मिक्सर, चादरी आणि प्लास्टिकच्या डब्यांना लावा. दिलेल्या-घेतलेल्या वस्तूंना तो लावू नका, तिथे देणाऱ्याचं आणि आपलं काय झालं ते विचारा. आईवडिलांच्या वस्तू त्यांच्या पाठीमागे अटाल्यात, म्हणजे भंगारात, घालू नका. एकदा असं झालं की पुढची पेटी ते कुलूप लावून ठेवतात. मुलांना "तुला हवं का?" विचारलंत तर "नको" ऐकायची तयारी ठेवा, रुसू नका. आणि चालायला वाट उरली नसेल, ओट्यावर स्वयंपाक करता येत नसेल, तरी रद्दीचा कागदही सुटत नसेल, तर तो आळस किंवा हट्ट नाही. 2013 पासून मानसोपचाराच्या डीएसएम-5 या वर्गीकरणात तो स्वतंत्र आजार आहे. तिथे माझे प्रश्न पुरत नाहीत, मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं.

पेट्या गेल्यावर कुमुदताईंनी यजमानांना माझ्याकडे पाठवलं. त्यांच्याकडे विकून टाकलेल्या स्कूटरचे सुटे भाग आहेत, खोकंभर. त्यांवर कोणाचंच नाव नाही. मुलाचा वर्षाचा नियम इथे चालेल असं माझं मत. ते म्हणाले, "लागतात हो कधीतरी."