जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर अपडेट केल्यापासून बंद पडतंय. नवीन लॅपटॉप घ्यावाच लागेल का?

तुमचा प्रश्न बराच मोठा आहे, म्हणून इतरांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुम्ही ऐरोलीला राहता. लॅपटॉप २०१३ सालचा, तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, ४ जीबी रॅम, आणि विंडोज ७ वरून १० वर नेलेला. बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला हॉलमध्ये दाखवायला अर्ध्या तासाची फिल्म करताय. डीव्हीडी रायटरबरोबर आलेलं जुनं एडिटिंग सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि तेव्हापासून मोबाइलच्या क्लिप आत घेतल्या की ते हँग होतं. ज्या क्लिप चालतात त्यांचा आवाज ओठांच्या मागे पडतो. रेंडर (सगळं जोडून शेवटची फाइल तयार होणं) साठ टक्क्यांच्या आसपास बंद पडतो. दुकानदार म्हणाला, हा भंगारात द्या, नवा घ्या.

नका घेऊ. निदान या फिल्मसाठी तरी नका.

मी ठाण्यात नौपाड्यात राहते. लग्नाच्या कॅसेटींचं मिक्सिंग करणाऱ्या एका स्टुडिओत बरीच वर्षं काम केलं, आता घरी बसून लोकांच्या जुन्या कॅसेटी आणि डीव्हीड्या पेनड्राइव्हवर काढून देते. माझा स्वतःचा डेस्कटॉप तुमच्या लॅपटॉपपेक्षा एक वर्षाने मोठा आहे. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: जुन्या मशीनवर दुखणं सॉफ्टवेअरच्या व्हर्जनमध्ये कमी आणि त्यात आपण जे कोंबतो त्या क्लिपांमध्ये जास्त असतं. म्हाताऱ्या माणसाला दात नसले की आपण कवळी बदलत बसत नाही, भाकरी दुधात कुस्करून देतो. इथेही तेच करायचंय.

आता तुमच्या क्लिपांचं बघू. पुतण्याने आयफोनवर काढलेल्या आहेत असं तुम्ही लिहिलंय. २०१७ पासून आयफोन व्हिडिओ एचईव्हीसी नावाच्या पद्धतीने साठवतो. फाइल लहान होते, पण ती उलगडून दाखवायला प्रोसेसरला घाम फुटतो. इंटेलच्या चिपमध्ये ही उलगडणी करणारा वेगळा भाग सहाव्या पिढीपासून आला. तुमची तिसरी पिढी. म्हणजे सगळं ओझं मुख्य प्रोसेसरवर, वर ४ जीबी रॅम. यात कुठल्या अपडेटने काय होणार? खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजर उघडून ठेवा आणि एक क्लिप चालवा. सीपीयू शंभरला भिडला तर क्लिप जड आहे. सीपीयू निवांत आणि डिस्क शंभरवर असेल तर हार्डडिस्क संथ आहे. मेमरी भरली असेल तर ब्राउझरचे पंधरा टॅब आधी बंद करा. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या ‘बिघाडां’चा उगम त्या टॅबमध्ये असतो.

आवाज मागे पडण्याचं कारणही क्लिपच. कॅमेरा दर सेकंदाला ठरलेल्या फ्रेम, म्हणजे एकेक चित्रं, काढतो, फोन मात्र उजेड आणि गरमीप्रमाणे कमीजास्त करतो. एखाद्या सेकंदाला ३०, पुढच्याला २७. जुनं सॉफ्टवेअर गृहीत धरतं की फ्रेम सगळीकडे सारख्याच आहेत. सुरुवातीला फरक जाणवत नाही, दहा मिनिटांनी आत्याचे ओठ हलून झाल्यावर आत्या बोलते. मीडियाइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात क्लिप टाकली की फ्रेम रेटपुढे ‘व्हेरिएबल’ लिहिलेलं दिसेल.

दोन्हीवर उपाय एकच, हँडब्रेक: व्हिडिओ एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत बदलून देणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, मात्र त्याच्या मूळ साइटवरूनच घ्या. चालवताना ते मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट डेस्कटॉप रनटाइम मागेल, ते टाका. प्रीसेटमध्ये ‘फास्ट ७२०पी ३०’ निवडा, मग व्हिडिओच्या टॅबवर जाऊन ‘पीक फ्रेमरेट’ऐवजी ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’वर टिचकी मारा. लोक विसरतात ते हेच, आणि मग म्हणतात की हँडब्रेक करूनही आवाज मागेच. सगळ्या क्लिप रांगेत लावा, रात्री चालू करून झोपा. सकाळी तुमच्याकडे एच.२६४ या जुन्या, साध्या पद्धतीच्या फाइली असतील, त्या तुमचा लॅपटॉप हसत चालवेल. ७२०पी म्हणजे कमी दर्जा वाटेल, पण हॉलच्या प्रोजेक्टरवर, मागे दिवे आणि पुढे केटरर फिरत असताना, कोणी फ्रेम मोजायला बसत नाही. मूळ क्लिप मात्र पुसू नका. पुतण्याला सांगा, यापुढे फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅट ‘मोस्ट कम्पॅटिबल’ ठेव.

आईबाबांच्या लग्नाची डीव्हीडीही आहे म्हणालात. तिच्यातल्या व्हीओबी फाइली एकेक करून उचलू नका. त्या १ जीबीला कापलेल्या असतात, सांध्यावर आवाज तुटतो. हँडब्रेकला अख्खा ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर दाखवा. हालचालीच्या वेळी कंगव्यासारख्या आडव्या रेषा दिसल्या तर ‘डीइंटरलेस’ चालू करा. आणि चित्र ओढून पडदाभर करू नका. जुनं चित्र ४:३ चं, कडेला काळी पट्टी राहू द्या. एकाने ओढलं होतं, बोहल्यावरची नवरी गोलमटोल दिसली, आणि त्या काकू आजही नावं ठेवतात.

आता अपडेटबद्दल, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच. मी एकदा पोळले आहे. सोसायटीच्या गणपतीची फिल्म होती, विसर्जनाची आदली रात्र. सॉफ्टवेअरने कोपऱ्यात ‘नवीन व्हर्जन उपलब्ध’ दाखवलं आणि मी अर्धवट झोपेत ‘हो’ म्हटलं. नव्या व्हर्जनने माझा प्रोजेक्ट उघडताना स्वतःच्या पद्धतीत बदलून घेतला. सगळ्या पाट्या (पडद्यावर दिसणारी नावं, मजकूर) जागेवरून सरकल्या, दोन इफेक्ट गायब, आणि जुन्या व्हर्जनमध्ये तो आता उघडेना. पहाटे साडेचारपर्यंत पाट्या परत लावत होते. तेव्हापासून नियम: काम सुरू होण्याआधी अपडेट किंवा काम संपल्यावर, मध्ये कधीही नाही. आणि त्याआधी प्रोजेक्टची फाइल दुसऱ्या नावाने कॉपी करून ठेवायची.

तुमचं डीव्हीडी रायटरवालं सॉफ्टवेअर मी सोडून देईन. ते क्विकटाइम, म्हणजे ॲपलचं व्हिडिओ चालवायचं सॉफ्टवेअर, मागतंय म्हणालात ना? विंडोजवरच्या क्विकटाइमचा सपोर्ट ॲपलने २०१६ मध्येच थांबवला, आणि त्यातल्या सुरक्षेच्या भोकांमुळे ते काढून टाका असं तेव्हाच सांगण्यात आलं होतं. एका जुन्या सॉफ्टवेअरच्या हट्टापायी ते परत आणू नका. मूव्ही मेकर हे विंडोजचं जुनं एडिटिंग सॉफ्टवेअर शोधत असाल तर तेही नको. मायक्रोसॉफ्टने ते १० जानेवारी २०१७ पासून बंद केलं. त्यानंतर त्याच नावाने पैसे मागणारी बनावट व्हर्जन इंटरनेटवर फिरली.

त्याजागी शॉटकट हे एडिटिंग सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे, आणि विंडोजसाठी त्याची पोर्टेबल झिप मिळते: इन्स्टॉल करायची गरज नाही, फोल्डर उघडा आणि चालवा. याचा मोठा फायदा म्हणजे दोन व्हर्जन शेजारी शेजारी ठेवता येतात. नवं बिनसलं तर जुनं तिथेच आहे. ६४ बिटचं विंडोज मात्र लागतं, तुमचं ३२ बिटचं असेल तर आधी ते बघा. शॉटकटवाले स्वतःच एचडी कामासाठी ८ जीबी रॅम सांगतात, पण ७२०पी च्या हलक्या फाइली आणि सेटिंगमध्ये ‘प्रीव्ह्यू स्केलिंग’ ३६०पी ठेवलं तर ४ जीबीवर रखडत का होईना, होतं. ‘प्रॉक्सी’ चालू केलंत तर एडिटिंगला हलकी नक्कल वापरली जाते आणि शेवटी एक्स्पोर्ट मूळ फाइलीवरून होतो. दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण तुमच्या लॅपटॉपवर ते टाकणं म्हणजे स्कूटरवरून कपाट नेणं.

शॉटकट उघडल्यावर चित्राच्या जागी काळा चौकोन दिसला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले अडॅप्टर’ बघा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ लिहिलं असेल तर विंडोज बदलताना ग्राफिक्सचा ड्रायव्हर आलाच नाही. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर शोधून टाका. हा एकच अपडेट मी जुन्या मशीनवर डोळे झाकून करायला सांगते.

साठ टक्क्यांचं कोडं. एक बघा, दर वेळी त्याच आकड्यावर थांबतं की कधी ४५, कधी ७०? त्याच आकड्यावर थांबत असेल तर एक क्लिप खराब आहे. तीस मिनिटांचे साठ टक्के म्हणजे अठरावं मिनिट. टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीने लावलेल्या पट्टीवर, तिथे जा, ती क्लिप काढून रेंडर करून बघा. झाला, तर तीच दोषी, तिला परत हँडब्रेकमधून काढा. आकडा दर वेळी वेगळा असेल तर मशीन तापतंय किंवा मेमरी संपतेय. माझ्याकडे कळव्याहून एक लॅपटॉप आला होता, हीच तक्रार. मागचं झाकण उघडलं तर पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे धुळीचा गालिचा! चिमट्याने धरला तर अख्खा एका तुकड्यात निघाला, नमद्यासारखा. हवा बाहेर पडायला जागाच नव्हती. ब्रशने साफ केलं आणि रेंडर पहिल्या फटक्यात पूर्ण. तुम्ही लॅपटॉप गादीवर ठेवून रेंडर लावत असाल तर आधी तो टेबलावर ठेवा.

एक खास आपलं, मराठी दुखणं. फोल्डरचं नाव ‘बाबांचे व्हिडिओ’ असं देवनागरीत असेल तर बरीच जुनी सॉफ्टवेअर ते वाचू शकत नाहीत आणि कारण न सांगता बंद पडतात. फोल्डर आणि फाइलींची नावं साध्या इंग्रजी अक्षरांत द्या. पाट्यांचंही तसंच. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ‘हार्दिक अभीष्टचिंतन’ लिहिलं की ‘दि’ची वेलांटी द च्या पुढे जाऊन बसते, रफार उडतो आणि त्याच्या जागी पाय मोडलेला र उभा राहतो. फॉन्ट बदलून उपयोग नसतो, अक्षरं जोडण्याचं कामच त्या सॉफ्टवेअरला येत नाही. मी पाट्या आजही बाहेर करते. पॉवरपॉइंटमध्ये मुक्ता किंवा निर्मला फॉन्टमध्ये लिहायचं, अक्षरांचा चौकोन निवडून ‘चित्र म्हणून सेव्ह’ करून पीएनजी काढायचं आणि ते व्हिडिओवर ठेवायचं. मागचा भाग पारदर्शक राहतो, जोडाक्षरं शाबूत. नातेवाइकांमध्ये एखादे निवृत्त मराठीचे शिक्षक असतातच, त्यांच्यासमोर ‘सहस्रचंद्रदर्शन’ मोडकं दिसायला नको.

पैसे घालायचेच असतील तर थोडे घाला. रॅम ८ जीबी करा आणि जुन्या हार्डडिस्कच्या जागी साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. तुमच्या लॅपटॉपला डीडीआर-३ प्रकारची रॅम लागते, डीडीआर-४ खाचेत बसणारच नाही, म्हणून जुनी पट्टी काढून सोबत न्या. ठाण्यात मिळते, नाहीतर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड आहेच. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, चुकू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ तुमच्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. एडिटिंगला त्याने काही अडत नाही. फक्त बँकेचे व्यवहार या मशीनवर नकोत, आणि काम करताना वायफाय बंद ठेवलंत तर अपडेटची खिडकीही डोकावणार नाही.

शेवटची फाइल एच.२६४ ची एमपी-४ काढा. पेनड्राइव्हचा फॉरमॅट एफएटी-३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यात जाणार नाही, तो आधी एक्सएफएटी करून घ्या. दोन पेनड्राइव्ह करा, एक तुमच्याकडे, एक मेहुण्याकडे. आदल्या दिवशी हॉलवर जाऊन त्यांच्याच मशीनवर पहिली पाच आणि शेवटची पाच मिनिटं चालवून बघा, आवाजासकट.

तो साठचा आकडा दर वेळी तोच येतो का ते खाली कळवा. तोच असेल तर अठराव्या मिनिटाला कुठली क्लिप आहे तेही लिहा.