डेझीची पहिली लागवड
डेझी मूळची युरोपातील बहुवर्षायू वनस्पती असली, तरी पुण्याकडील उन्हाळ्याच्या झळा तिला सोसत नाहीत, म्हणून तुम्ही ती हिवाळी हंगामी फूलझाड समजूनच लावावी. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये, बी पेरावे. हे बी फार बारीक असते आणि उजेडात चांगले रुजते. त्यामुळे ते खोल न गाडता भुसभुशीत, ओलसर मातीवर हलकेच दाबावे आणि पाणी बारीक फवाऱ्यानेच द्यावे, नाहीतर सारे बी एका कोपऱ्यात वाहून जाते. माझी पहिली पेरणी अशीच गेली. चार-पाच पाने आल्यावर रोपे १५ सेंटिमीटर अंतरावर, उन्हात लावावीत. सुकलेली फुले देठासकट खुडण्याचा मात्र कधीही कंटाळा करू नये, कारण त्यामुळेच नव्या कळ्या येत राहतात. संध्याकाळी फुले मिटलेली दिसली, तर घाबरू नये. सकाळी ती पुन्हा उमलतात.