गावाजवळचं जंगल वाचवायला गावकऱ्यांनी सुरुवात कुठून करावी?

गावालगतचं जंगल डोळ्यांदेखत विरळ होतंय, मोर्चा काढावा की निवेदन द्यावं, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर आधी सगळ्यांनी मिळून जंगलाची हद्द चालून या.

एका गावाच्या सामूहिक वनहक्क दाव्यासाठी, म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा हक्क मागणाऱ्या अर्जासाठी, मी असा फिरलोय. पुढे दोन म्हातारे, मागे मोबाइलवर जीपीएस लावलेली पोरं. वनखात्याच्या नकाशात त्या जागी नुसता कक्ष क्रमांक, म्हणजे जंगलाच्या तुकड्याचा नंबर. एक आजी मोहाच्या झाडापाशी थांबल्या, बुंध्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ह्याची फुलं आमच्या घरानं वेचायची, नाल्यापल्याडची भावकीनं." पोरानं ते तिथंच वहीत उतरवलं. वनहक्क कायद्यात, म्हणजे २००६ च्या, जाणत्यांचा असा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. सोबत आणखी एक तरी पुरावा लागतोच, म्हणून निस्तारपत्रक (गावाच्या जंगल वापराच्या हक्कांची जुनी सरकारी नोंद), जुने नकाशे आत्तापासून शोधा.

मग ग्रामसभा. निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. बैठक दुपारी ठेवाल तर बाया येणार नाहीत. रात्री जेवणं उरकल्यावर ठेवा. हे मी कळकळीनं सांगतोय, कारण सरपण, डिंक, पाणी कुठं कमी झालं हे त्यांनाच नेमकं ठाऊक असतं. १९७४ साली उत्तराखंडातल्या रेणी गावात पुरुष बाहेर गेलेले असताना गौरादेवी आणि बायकांनीच तोड रोखली होती.

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गाव जरूर पाहून या. २००९ साली त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ साली बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांचीच. तिथं मतदान घेत नाहीत. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत विषय पुन्हा पुन्हा सभेत येतो. वेळ लागतो, पण ठरलेलं कुणी मोडत नाही.

हक्क मिळाला की राखणीचा अधिकार ग्रामसभेचा, वनहक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे. तोवर ठराव करून पाळीपाळीनं गस्त सुरू करा.

आणि दावा दिलात की पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. आमची फाइल एका कार्यालयात वर्षभर "सापडत" नव्हती. पोच पुढे ठेवली, तेव्हा त्याच दुपारी कपाटातून निघाली.