क्लिअरन्सच्या फॉर्मात अ‍ॅडरॉलचं लपवू नकोस

परीक्षेच्या आदल्या रात्री रूममेटची अ‍ॅडरॉल (एडीएचडीसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी, लक्ष लागण्याची गोळी) घेतली होतीस, ती अमेरिकन सिक्युरिटी क्लिअरन्सच्या, म्हणजे सरकारची गुप्त माहिती हाताळण्याच्या परवानगीच्या, फॉर्मात लिहायची का? हो, लिही. या फॉर्मच्या, म्हणजे एसएफ-८६ च्या, सेक्शन २३ मध्ये गेल्या ७ वर्षांतला प्रिस्क्रिप्शनच्या औषधांचा गैरवापर सरळ विचारलाय. दुसऱ्याच्या नावावरची गोळीही त्यात आली. किती वेळा, कधी, कशासाठी घेतलीस आणि का सोडलीस, नेमकं मांड. क्लिअरन्स द्यायचा की नाही हे ठरवण्याच्या २०१७ पासूनच्या निकषांत किती काळ लोटला आणि पुन्हा घेण्याची शक्यता किती, हे पाहतात. यापुढे घेणार नाही असं सही करून देताही येतं. मला काळजी आहे ती लपवण्याची. तपास अधिकारी रूममेटशीही बोलू शकतो, आणि जाणूनबुजून खोटं लिहिणं हा अमेरिकेत फेडरल गुन्हा आहे. आईबाबांना कळेल या भीतीने तर मुळीच गाळू नकोस. हा फॉर्म त्यांच्याकडे जात नाही.