कास्ट लिहिण्यापूर्वी

प्रिय मित्रास,

तुझे पत्र काल रात्री वाचले. ६४ बिटांच्या लिनक्सवर निमूटपणे कंपाइल होणारा तुझा सी कोड ६४ बिटांच्या विंडोजवर नेताच कंपायलरकडून (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामकडून) दीडशेच्या आसपास वॉर्निंग आल्या, आणि आता त्या कास्ट, म्हणजे किमतीचा टाइप बळेच बदलण्याची सूचना, घालून घालवाव्यात की वॉर्निंगची पातळीच खाली आणावी, असे तू विचारतोस. हे दोनच मार्ग आहेत, हे मुळातच मला मान्य नाही. कास्ट लिहिण्यापूर्वी ती किंमत कुठून आली आणि तिचा टाइप (ती कोणत्या प्रकारची आणि किती बिटांची) कुठे घोषित झाला आहे, ती ओळ उघडून पाहा. या पत्रात मी हे पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण ज्या काळात मी ते केले नाही, त्याची खंत अजून गेलेली नाही.

३२ बिटांच्या यंत्रांवर काम करत असताना माझ्या एका प्रोग्राममध्ये दुसऱ्या फाइलीतले एक फंक्शन मेमरीतला पत्ता, म्हणजे पॉइंटर, परत करत असे, आणि त्याची घोषणा असलेली हेडर फाइल समाविष्ट करायला मी विसरलो होतो. जुन्या सीमध्ये अघोषित फंक्शन इंट (साधा पूर्णांक) परत करते असे गृहीत धरले जाई. त्यामुळे पूर्णांकापासून पॉइंटर बनत असल्याची वॉर्निंग कंपायलरने दिली. मी तिथे कास्ट घातला आणि वॉर्निंग गेली. इंट आणि पॉइंटर दोन्ही ३२ बिटांचे असल्याने प्रोग्राम कित्येक वर्षे बिनतक्रार चालला. पुढे तो ६४ बिटांवर नेला, तेव्हा पत्त्याचे वरचे ३२ बिट गळू लागले. लहान फाइलींसाठी घेतलेली मेमरी खालच्या पत्त्यांवर मिळत असल्याने चाचण्या उत्तीर्ण होत, आणि मोठी फाइल उघडली की प्रोग्राम कोसळे. दोन आठवडे मी एका सहकाऱ्याच्या मेमरी हाताळणाऱ्या कोडला दोष देत राहिलो. ६४ बिटांचा कंपायलर त्याच कास्टवर आकार जुळत नसल्याची वॉर्निंग देत होता, पण आम्ही ती पातळी बंद ठेवली होती. त्या सहकाऱ्याची माफी मी मागितली खरी, पण फार उशिरा.

अघोषित फंक्शनची ती मुभा सी भाषेच्या १९९९च्या मानकाने, सी९९ने, काढून टाकली, आणि जीसीसी या कंपायलरच्या २०२४ साली आलेल्या १४व्या आवृत्तीपासून ती चूक थेट एरर ठरते. तुझ्या कोडमध्ये मात्र त्याच जातीची दुसरी चूक दिसते आहे. तू पॉइंटर लाँग या पूर्णांक टाइपमध्ये साठवले आहेस. ६४ बिटांच्या लिनक्सवर लाँग ६४ बिटांचा असतो, तर ६४ बिटांच्या विंडोजवर तो ३२ बिटांचाच राहतो. इथे वॉर्निंग जाईपर्यंत कास्टवर कास्ट घातलेस, तरी पत्ता कापलाच जाईल, फक्त कुणी सांगणार नाही. घोषणा पाहा आणि तिथला टाइप बदल: पत्ता पूर्णांकात ठेवणे अटळ असेल तर यूइंटपीटीआर_टी हा पत्ता मावेल असा टाइप वापर, आणि आकारांसाठी साइझ_टी. मजकूर छापणाऱ्या प्रिंटएफलाही साइझ_टीची किंमत इंटमध्ये कोंबून देऊ नकोस, कारण तिच्यासाठी झेड-यू हा फॉरमॅट सी९९पासून आहे.

एकही वॉर्निंग नाही म्हणजे कोड पोर्टेबल (कोणत्याही यंत्रावर नीट चालणारा) आहे, असा तुझा समज झालेला दिसतो. एकेक बाइट वाचणाऱ्या गेटचारचे उत्तर ‘चार’ (char) या एका बाइटाच्या टाइपच्या व्हेरिएबलमध्ये घेऊन ते ईओएफशी (फाइल संपल्याच्या खुणेशी) ताडणारे लूप तुझ्या कोडमध्येही आहे. एक्स८६ प्रोसेसरवर ‘चार’ बहुधा साइन्ड (ऋण किमतीही घेणारा) असतो, म्हणून २५५ किमतीचा बाइट आला की फाइल संपली असे समजून लूप मध्येच थांबते. एआरएम प्रोसेसरच्या लिनक्सवर तो अनसाइन्ड असतो आणि लूप कधीच थांबत नाही. जीसीसीला डब्ल्यू-एक्स्ट्रा हा जास्तीच्या वॉर्निंगचा पर्याय दिला, तर ही तुलना नेहमीच खरी ठरते असे तो दुसऱ्या यंत्रावर सांगतो, पहिल्यावर सांगत नाही. डब्ल्यू-ऑल या पर्यायाच्या नावावरही जाऊ नकोस, त्यात सगळ्या वॉर्निंग येत नाहीत. म्हणूनच किमान दोन कंपायलर आणि शक्य तर दोन प्रकारची यंत्रे हाताशी असावीत, हा माझा आग्रह आहे.

व्हेरिएबलला किंमत न देताच ते वापरले जाण्याची शक्यता आहे, ही वॉर्निंग आली की सरसकट शून्य लिहिणे हाही कास्टचाच सख्खा भाऊ. कोणत्या फांदीत किंमत द्यायची राहिली, हे शोधायचे सोडून आपण चुकीच्या किमतीला अधिकृत करतो. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या पॅकेजमध्ये २००६ साली मेमरी तपासणाऱ्या साधनाची तक्रार थांबवण्यासाठी एक बदल केला गेला आणि यादृच्छिकता मिसळण्याचे कामच त्यात निघून गेले. २००८ मध्ये ते उघडकीला येईपर्यंत तिथे बनलेल्या किल्ल्या अंदाजाने शोधता येण्याइतक्या मोजक्या राहिल्या होत्या. तक्रार थांबवणे आणि तक्रारीचे कारण समजणे यांतले अंतर यापेक्षा स्पष्ट कसे दाखवू?

कास्ट कधीच लिहू नये, असे मी म्हणत नाही. अक्षर आहे का हे तपासणाऱ्या इजअल्फाला ‘चार’ देताना तो आधी ‘अनसाइन्ड चार’मध्ये बदलावाच लागतो, आणि न वापरलेल्या पॅरामीटरसमोर व्हॉइडचा कास्ट लिहिण्यात गैर काही नाही. तिथे घोषणा पाहून, किंमत कोणत्या मर्यादेत आहे हे जाणून आपण तो लिहितो. अशा जागी एका वाक्याची टिप्पणी लिही. ते वाक्य सुचत नसेल तर तो कास्ट तिथे नको.

या आग्रहापायी मी एकदा एक आवृत्ती तीन आठवडे अडवून धरली होती आणि लोक माझ्यावर नाराज झाले. आजही मी तेच करीन. तपासले न गेलेले चाळीस कास्ट त्या कोडमध्ये होते, आणि ते सोडून दिले असते तर पुढे दोष शोधणाऱ्याला एकही वॉर्निंग मदतीला उरली नसती. तेवढाच आग्रह दुसऱ्या बाजूनेही धर: डब्ल्यू-एरर हा प्रत्येक वॉर्निंगला एरर ठरवणारा पर्याय आपल्या स्वतःच्या तपासणीत जरूर चालू ठेव, पण इतरांना द्यायच्या कोडच्या बिल्डमध्ये ठेवू नकोस. उद्याचा कंपायलर एखादी नवी वॉर्निंग देईल आणि कोड निर्दोष असूनही दुसऱ्याचे बिल्ड अडेल.

आता यादीतल्या पॉइंटर आणि लाँग यांच्या वॉर्निंग आधी घे. बहुतेक एकाच स्ट्रक्चरमधल्या दोन-तीन घोषणांपाशी जाऊन पोहोचतील, आणि त्या दुरुस्त केल्यास की निम्मी यादी आपोआप कमी होईल. साइन्ड-अनसाइन्ड तुलनांच्या वॉर्निंग त्यानंतर एकेक करून पाहा. ज्या ठिकाणी तरीही कास्टच हवा असे वाटेल, ती ओळ आणि तिच्यातल्या प्रत्येक व्हेरिएबलची घोषणा, दोन्ही मला पाठव. नुसती ओळ पाठवलीस तर मी घोषणाच मागेन.

तुझा,
एक जुना सहकारी