आजीने साडी का फाडली

प्रिय चिऊ,

काल फोनवर तू हळूच विचारलंस, "आई, आजी मावशीच्या बाळासाठी स्वतःची जुनी साडी फाडतेय. वेंगुर्ल्याच्या बाजारात किती छान कपडे आहेत! आजीकडे पैसे नाहीत का?" तेवढ्यात रेंज गेली. या प्रश्नाचं उत्तर घाईत द्यायचं नव्हतं, म्हणून पत्र लिहितेय.

पैशांचा काही संबंध नाही गं. ती साडी आजीने पारखून निवडली आहे. नीट बघ, नायलॉनच्या किंवा जॉर्जेटच्या साडीला ती कात्री लावणार नाही. तिला हवी असते वर्षानुवर्षं धुतलेली सुती साडी. नव्या कापडाला खळ असते. ते पाणी पटकन शोषत नाही आणि तान्ह्या बाळाच्या नाजूक कातडीला घासतं. धुऊन धुऊन खळ निघून जाते, सूत मऊ पडतं, ओल लगेच टिपतं. आजीला विचारलंस तर ती एवढंच म्हणेल, "नवा कापड बाळाक टोचता गो."

आता तिने शिवलेलं एखादं झबलं हातात घे आणि उलटसुलट करून बघ. शिवण बाहेरच्या बाजूला दिसेल. आपल्या कपड्यांत ती आत लपवतात, पण बाळाच्या अंगाला कापडाची दुमड आणि दोऱ्याची गाठ लागू नये म्हणून इथे उलटं करायचं. बटण कुठेच नाही, कारण सुटलं तर बाळ तोंडात घालणार. त्याऐवजी पाठीवर त्याच कापडाचे बंद असतात. बाह्या वेगळ्या जोडलेल्या नाहीत, अंगासकट एकाच तुकड्यातून कापल्या आहेत, म्हणजे काखेत जाड शिवण येत नाही. हे सगळं पूर्वीच्या बायकांनी बाळाकडे बघून ठरवलंय, आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं.

लंगोट तर ढीगभर लागतात. आत्ता तिकडे पाऊस आहे, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. पातळ, एकेरी सुती लंगोट चुलीवरच्या दोरीवरही सुकतो, दुकानातला जाड कपडा दमट राहतो आणि त्याला वास येतो. कोकणातल्या पावसात बाळ वाढवायचं तर जुनं लुगडंच उपयोगाला येतं.

नवे कपडे अजून का आणले नाहीत, त्याला दुसरंही कारण आहे. बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही घ्यायचं नाही, अशी आपल्याकडे पद्धत आहे. त्यामागे भीती होती. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमाराला आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे शंभराहून जास्त बाळं पहिला वाढदिवस बघत नसत. 2020 साली तो आकडा 28 वर आला होता. ज्या घरांनी अशी बाळं गमावली, तिथे आधीपासून हौस करायचा धीर कोणाला होणार? म्हणून जुन्यात गुंडाळायचं आणि नव्याची हौस बाराव्या दिवशी बारशाला करायची. तेव्हा बघशील, बाळंतविड्यात झबली, टोपडी, दुपटी, कुंची, सगळं नवं कोरं येईल.

एका बाबतीत मात्र मी आजीच्या बाजूने नाही. ती डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी शिवेल आणि पाळण्यात गोधडी पांघरेल. झोपलेल्या बाळाजवळ पहिलं वर्षभर उशी आणि सुटं पांघरूण नको, असं आता डॉक्टर सांगतात, कारण ते नाकातोंडावर येऊ शकतं. टोपड्याचे बंदही झोपेत गळ्याशी नकोत. मी आजीशी बोलले आहे. गोधडी मात्र तिने जरूर शिवावी, बाळ जागं असताना जमिनीवर अंथरायला. तिच्याशेजारी बसून बघ. साड्यांचे थर एकावर एक पसरायचे, कडेपासून धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात फिरत मध्यापर्यंत यायचं. टाका सगळ्या थरांतून गेला पाहिजे, नाहीतर धुताना आतलं कापड गोळा होतं.

तुला स्वतःला काही करायचं असेल तर चिमणाळं कर, म्हणजे पाळण्यावर टांगायच्या कापडी चिमण्या. आजीकडून रंगीत काठांचे तुकडे मागून घे. तळहाताएवढा चौकोन तिरका दुमडला की त्रिकोण होतो. त्याच्या दोन उघड्या कडा उलट्या बाजूने बारीक टिपेने शिव, भरायला दोन बोटांएवढी जागा सोड, मग सुलट करून आत चिंध्या ठासून भर आणि ती जागा शिवून टाक. सावरीचा कापूस नको, तो हलका असतो, फटीतून बाहेर येतो आणि उडत राहतो. डोळ्यांना मणी किंवा टिकल्या लावू नकोस, काळ्या दोऱ्याने भर. शेवटी प्रत्येक चिमणी दोन्ही हातांनी जोरात ओढून बघ. एकही टाका उसवला तर ती पुन्हा शिवायची. बाळाचा हात पोचणार नाही इतकं उंच मामाला टांगायला सांग, दोरी खाली लोंबता कामा नये.

आणि येताना आजीकडून वर्तमानपत्रावर झबल्याचा नमुना कापून आण. आपल्या शेजारच्या ताईला ऑक्टोबरमध्ये बाळ होणार आहे. माझ्याकडे एक वॉयलची साडी चांगली मऊ झाली आहे, तू आलीस की आपण दोघी कापू.

तुझी,
आई