सहजीवी ताऱ्यांचे उद्रेक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सहजीवी ताऱ्याचा उद्रेक म्हणजे नवताऱ्याचा स्फोटच का?

उत्तर : नेहमीच नाही. सहजीवी जोडीत तांबड्या राक्षसी ताऱ्याकडून वाहणारे द्रव्य सोबतच्या तप्त, बहुधा श्वेत बटू (विझत चाललेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, दाट गाभा) असलेल्या ताऱ्यावर साचते. देवयानी समूहातील झेड अँड्रोमेडी काही प्रतींनी (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) उजळतो आणि कित्येक महिने तसाच राहतो. भुजंगधारी समूहातील आरएस ओफियुकी मात्र आवर्ती, म्हणजे पुनःपुन्हा स्फोट होणारा, नवतारा आहे; साचलेल्या हायड्रोजनमध्ये अणुसंमीलन बेफाम होऊन 1898, 1933, 1958, 1967, 1985, 2006 आणि 2021 मध्ये त्याचे स्फोट नोंदले गेले.

प्रश्न : दुर्बिणीतून तेजोवक्र (ताऱ्याचे तेज काळानुसार कसे बदलते त्याचा आलेख) मिळत असताना रेडिओ आणि क्ष-किरणांचा खटाटोप कशासाठी?

उत्तर : कारण आरएस ओफियुकीचा दृश्य तेजोवक्र दर खेपेस जवळजवळ सारखाच असतो आणि केवळ त्यावर विसंबले तर सगळे स्फोट एकाच साच्यातले वाटतात. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला 2006 मध्ये हा तारा 610 मेगाहर्ट्झवर स्फोटानंतर विसाव्या दिवशी आणि 325 मेगाहर्ट्झवर अडतिसाव्या दिवशी सापडला; 1985 मध्ये मात्र 327 मेगाहर्ट्झवर तो सहासष्टाव्या दिवशीही दिसला नव्हता. बाहेर फेकलेला वायू राक्षसी ताऱ्याच्या वाऱ्यावर आदळला की आघात तरंग तयार होतो, त्यात वेग मिळालेले इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी सोडतात, पण वाटेतला आयनीभूत (इलेक्ट्रॉन सुटे झालेला) वायू कमी वारंवारतेच्या लहरी अधिक शोषतो. म्हणून तारा कोणत्या वारंवारतेला किती उशिरा ‘उगवला’ यावरून समोर किती द्रव्य होते याचा अंदाज बांधता येतो. माझ्या मते हा उशीर हीच सर्वांत मोलाची नोंद आहे. 2006 च्याच स्फोटात माउंट अबूच्या वेधशाळेतील अवरक्त निरीक्षणांत वर्णपटातील रेषा, ज्यांच्या रुंदीवरून वायूचा वेग कळतो, दिवसेंदिवस अरुंद होत गेल्या, म्हणजे तरंग मंदावत होता. क्ष-किरणांतही दोन टप्पे दिसले : आधी आघाताने तापलेल्या वायूचे तीव्र (अधिक ऊर्जेचे) किरण आणि सुमारे महिन्याभराने, फेकलेले द्रव्य विरळ झाल्यावर, श्वेत बटूच्या जळत्या पृष्ठभागाचे सौम्य (कमी ऊर्जेचे) किरण. हे सौम्य किरण केव्हा थांबतात यावरून इंधन कधी संपले ते कळते.

प्रश्न : अशा ताऱ्यांतून गॅमा किरणही निघतात का?

उत्तर : होय, आणि ते बहुतेकांना अनपेक्षित होते. 2010 मध्ये व्ही407 सिग्नी या सहजीवी ताऱ्याच्या स्फोटातून आलेले गॅमा किरण फर्मी उपग्रहाने टिपले. 2021 मध्ये नामिबियातील हेस आणि ला पाल्मा बेटावरील मॅजिक या दुर्बिणींनी आरएस ओफियुकीकडून त्याहूनही कितीतरी अधिक ऊर्जेचे किरण नोंदवले. हेसच्या नोंदींत या किरणांचा कळस फर्मीने पाहिलेल्या किरणांच्या कळसानंतर सुमारे दोन दिवसांनी आला. आघात तरंगात प्रोटॉनांना तितकी ऊर्जा मिळवायला वेळ लागतो, हे त्याचे सुसंगत स्पष्टीकरण आहे.

प्रश्न : आमच्यासारख्या हौशी निरीक्षकांचा यात काही उपयोग आहे का?

उत्तर : आहे. 8 ऑगस्ट 2021 चा स्फोट हौशी निरीक्षकांनीच प्रथम पाहिला. आपल्याकडे तेव्हा पावसाळा असतो. ढगांआडून रेडिओ लहरी येतात, डोळ्यांचे काम मात्र अडते. पण उत्तर मुकुट समूहातील टी कोरोनी बोरियालिस हा असाच आवर्ती नवतारा उन्हाळ्याच्या रात्री छान दिसतो. 1866 आणि 1946 मध्ये तो नुसत्या डोळ्यांनी सहज दिसण्याइतका तेजाळला होता. एरवी तो दहाव्या प्रतीच्या आसपास, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसण्याइतका मंद, असतो. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून त्याची प्रत आणि नेमकी वेळ लिहून ठेवावी, तो दिसला नाही तरीही. कारण स्फोटाचा क्षण जितका काटेकोर ठरेल, तितके वर सांगितलेले विसाव्या आणि अडतिसाव्या दिवसांचे हिशेब पक्के होतात.